तासगाव तालुक्यातून अमेरिकेचा अर्ज : प्रकल्प नोंदी, जून २०२५ ते फेब्रुवारी २०२६

१६ जून २०२५

कॉलेज आज उघडलं. मधल्या सुट्टीत बारावी सायन्सची एक मुलगी वडिलांना घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिला पदवीसाठी अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचा आहे. त्यासाठी आपल्या कॉलेजकडून एक ‘काउन्सेलर’ लागतो. गुणपत्रकं चढवणं, शिफारस लिहिणं, कॉलेजची माहिती देणं ही त्याची कामं. आमच्या ज्युनिअर कॉलेजात असं पद कधीच नव्हतं. प्राचार्य म्हणाले, “इंग्रजीचं काम आहे, सर, तुम्हीच बघा.” मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी आणखी कुणी विचारत आलं तर हाताशी असावं म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतोय.

घरची साडेतीन एकर द्राक्षबाग, स्वतःचं बेदाण्याचं शेड, धाकटा भाऊ आठवीत. मुलीला दहावीला ९४ टक्के, अकरावीला ८१. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे जाऊन आलेत. त्याने काही लाखांचं पॅकेज सांगितलं आणि वर यादी दिली: एखादी सामाजिक संस्था काढा, तिची वेबसाइट करा, पैसे भरून एखादा शोधनिबंध छापून घ्या, म्हणजे अर्ज उठून दिसेल. वडिलांनी मला सरळ विचारलं, “सर, हे असंच असतंय का?”

असं नसतं, हे मी तिथेच सांगितलं. पण नुसतं माझं मत काय कामाचं? वाचणारा माणूस अर्जात काय शोधतो, ते आधी कागदावर बघायचं ठरलं.

२२ जून

अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक पत्रक जाहीर करतात. त्यातला सी-७ हा तक्ता आज दोघांनी मिळून वाचला. अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, गुण, प्रवेश परीक्षा, निबंध, शिफारशी, उपक्रम, स्वभाव, नोकरी-कामाचा अनुभव, घरातली पहिली पदवी, अशा प्रत्येक बाबीपुढे कॉलेजने खूण केलेली असते: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. एमआयटीच्या तक्त्यात ‘फार महत्त्वाचं’ ही खूण आहे ती माणसाच्या स्वभावापुढे. मुलगी दोनदा वाचून म्हणाली, “सर, स्वभाव कागदावर कसा दिसणार?”

आमचं पुढच्या सहा महिन्यांचं काम तिने एका वाक्यात मांडलं.

वाचणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर चित्र असं आहे. हार्वर्डकडे २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले आणि प्रवेश मिळाला १,९३७ जणांना. अर्ज वाचणाऱ्या प्रत्येक प्रवेश-अधिकाऱ्याकडे ठरावीक प्रदेश असतो. भारत ज्याच्याकडे, त्याच्याकडे बहुधा आणखी काही देशही असतात. पहिल्या वाचनात एका अर्जाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठाने २०१३ च्या सुमारास दोघांनी मिळून एक अर्ज वाचायची पद्धत सुरू केली आणि नंतर ती इतर कॉलेजांनीही उचलली. एक जण गुणपत्रकं, शाळेची माहिती आणि शिक्षकांची पत्रं बघतो. दुसरा निबंध आणि उपक्रम बघतो. मग दोघं आपापसात बोलतात.

या पद्धतीबद्दल वाचल्यावर माझ्या मनात कामाची दिशा पक्की झाली. दोन अनोळखी माणसं एका मुलीचे दोन अर्धे भाग वाचणार. दोघांना एकच मुलगी दिसली पाहिजे. आणि ती कुठून येते हे दोघांपैकी कुणालाच माहीत नसणार, तेव्हा तेही आपणच सांगायचं.

२९ जून

तिने उपक्रमांची पहिली यादी आणली: ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं, वृक्षारोपण, एका निबंध स्पर्धेत तालुक्यात दुसरा क्रमांक, ‘लीडरशिप वेबिनार’. एकही गोष्ट खोटी नाही आणि एकाही गोष्टीतून ही मुलगी कोण ते कळत नाही.

मी विचारलं, सुट्टीत सकाळी उठल्यावर काय करतेस? म्हणाली, “शेडवर जाते. हजेरी घेते, मीटर बघते.”

कसलं मीटर? तर दोन हंगामांपासून तिने बेदाण्याच्या शेडमध्ये तापमान-आर्द्रतेची छोटी मीटरं टांगलीत. एक रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यावर, एक मध्ये, एक खाली. सकाळ-संध्याकाळचे आकडे घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आई दुधाचा हिशोब मांडते त्याच चौकोनांत, लाल पेनाने. मी म्हणालो, ते कॅलेंडर आण.

५ जुलै

कॅलेंडरं आली, २०२४ आणि २०२५ ची. फेब्रुवारी ते एप्रिलची पानं बोटांच्या डागांनी पिवळट झालेली. एका चौकोनात ‘दूध २ लि.’ आणि त्याखाली ‘वर ३१, मध्ये ३८, खाली ४६’. मार्चमध्ये एके ठिकाणी फक्त ‘पाऊस. ताडपत्री. माल काळा’.

ज्यांनी शेड बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. द्राक्षं तोडून आणली की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग जाळीच्या रॅकवर सावलीत पसरायची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या दिवसांत हवा दमट झाली किंवा अवकाळी आला की रंग जातो आणि रंग गेला की सौद्यात दर पडतो. मुलीच्या आकड्यांवरून दिसलं की खालच्या कप्प्यांत ओल जास्त वेळ राहते. वडिलांनी यंदाच्या हंगामात खालच्या दोन कप्प्यांत माल पातळ पसरला आणि एक पंखा खाली आणला. खालचा माल वरच्या बरोबरीने निघाला का? “अगदी बरोबरीने नाही, पण फरक कमी झाला,” असं ती म्हणते. हे उत्तर मला फार आवडलं. अर्जातही ते असंच जायला हवं.

यादी फाडली नाही, पण क्रम बदलला. सगळ्यात वर शेड.

१३ जुलै

कॉलेजांची निवड. आज वडील, आई आणि मुलगी, तिघंही माझ्या घरी आले होते. पैशाचं आधी बोललो, कारण तिथे स्पष्टता नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. खाजगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९०,००० डॉलरच्या आसपास गेलाय. बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की ती मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. मदत मागितली म्हणून अर्ज मागे पडणार नाही, असं परदेशी मुलांनाही सांगणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, आणि अलीकडे आणखी दोन-तीन.

यादी अशी ठरली: ॲमहर्स्ट, बोडन, ग्रिनेल, माउंट होल्योक आणि केंटकीमधलं बेरिया. बेरिया मला मनापासून आवडलं. तिथे १८९२ पासून शिकवणीची फी घेतलेली नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याचे किमान दहा तास काम करावंच लागतं. शेडवर वाढलेल्या मुलीला हे घरच्यासारखं वाटेल.

आई पूर्ण वेळ गप्प होती. निघताना म्हणाली, “सर, इकडची सीईटी पण भरू दे हं.” भरणार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडचा रस्ता आपण बंद करत नाही.

१ ऑगस्ट

कॉमन ॲपचा, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या संकेतस्थळाचा, या वर्षीचा अर्ज आज उघडला. यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. उपक्रमांसाठी दहा जागा आणि वर्णनाला फक्त १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत. यंदा एक बदल आहे: ‘अधिक माहिती’च्या रकान्याची मर्यादा ६५० वरून ३०० शब्दांवर आणलीय. म्हणजे पाल्हाळाला जागा राहिली नाही.

शिक्षकांची पत्रं वाचायचा हक्क विद्यार्थी सोडून देऊ शकतो आणि सोडावा असाच सल्ला सगळे देतात, कारण मगच वाचणारा पत्रावर विश्वास ठेवतो. तिने सोडला. त्यामुळे पत्रांविषयीच्या नोंदी माझ्याकडेच राहतील. तिला दाखवणार नाही.

१० ऑगस्ट

दीडशे अक्षरांशी दिवसभर झटापट. मजकूर इंग्रजीत आहे, आशय इथे मराठीत देतो.

तिचं पहिलं वाक्य: ‘कुटुंबाच्या व्यवसायात मदत केली, जबाबदारी आणि नेतृत्वगुण शिकले.’

तिसऱ्या खेपेचं: ‘बेदाणा शेड: २ हंगाम, रोज २ वेळा, ३ कप्प्यांची आर्द्रता नोंदवली, खालचा थर उशिरा वाळतो हे दाखवलं, वडिलांनी माल पसरण्याची पद्धत बदलली.’

पहिल्या वाक्यात तिचं नाव काढून वर्गातल्या कुणाचंही घातलं तरी ते खरंच ठरेल. दुसरं फक्त तिचंच आहे. पुढच्या प्रत्येक ओळीला हीच कसोटी लावायची असं आम्ही ठरवलं. ‘नेतृत्व’, ‘जिद्द’, ‘आवड’ हे शब्द तिने स्वतःच खोडले.

शेडवरच्या बायकांची हजेरी आणि पगाराची वही ती नववीपासून सांभाळते. त्याचं स्वतंत्र कलम केलं. धाकट्या भावाचा अभ्यास आणि आजीचं औषधपाणी हेही घातलं. घरातली जबाबदारी हा उपक्रमच आहे आणि अर्जात तिला रीतसर जागा आहे. आपल्याकडची मुलं, त्यातही मुली, नेमकं हेच लिहीत नाहीत.

वृक्षारोपण काढलं. एका दिवसाचं होतं.

२८ ऑगस्ट

आज रथोत्सव. गाव रस्त्यावर आहे, कॉलेजला सुट्टी. पाच दिवसांपूर्वी ती पुण्याला जाऊन सॅट, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा, देऊन आली. निकालाला अजून वेळ आहे.

सकाळी शांत बसून रसायनशास्त्राच्या मॅडमशी पत्राबद्दल फोनवर बोललो. त्यांचा पहिला मसुदा आपल्या चारित्र्याच्या दाखल्यासारखा होता: आज्ञाधारक, कष्टाळू, सुस्वभावी, वर्तन उत्तम. मी म्हणालो, मॅडम, तिचा एखादा प्रसंग आठवतो का? लगेच म्हणाल्या, आठवतो की. अकरावीत सामूच्या प्रात्यक्षिकाला हिने घरून बाटलीत डिपिंगचं द्रावण आणलं होतं. सामू ११ च्या आसपास असायला हवा हे तिला ठाऊक होतं. पण तिचा प्रश्न असा होता की दिवसभर घाणे बुडवल्यावर संध्याकाळी तो किती उरतो, आणि शेवटचा माल उशिरा वाळतो त्याला हे तर कारण नाही? मॅडमनी तिला दोन दिवस तासानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवून दिली होती.

हे मॅडमना मसुद्यात लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण दाखल्यात असं काही लिहायची आपल्याकडे रीतच नाही. आता तेच पत्राचा गाभा झालं. या पत्रातली मुलगी आणि कॅलेंडरवरची मुलगी एकच आहे. दोन वाचणारे आपापसात बोलतील तेव्हा हे जुळेल.

७ सप्टेंबर

सॅट १४३० आला, त्यात गणित ७६०. बोडनने १९६९ मध्येच परीक्षा ऐच्छिक केली होती. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेललाही सक्ती नाही. पाठवायचा की नाही यावर तासभर बोललो. डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा दिलेलं एक कारण मला पटलं होतं: कमी माहितीतल्या शाळांची मुलं जे गुण लपवून ठेवत होती, ते दाखवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. आमचं कॉलेज तिकडे कुणाला माहीत असणार? बोर्डाच्या टक्क्यांशेजारी त्यांच्या ओळखीचा एक आकडा असलेला बरा. पाठवायचा.

१४ सप्टेंबर

या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे ‘स्कूल प्रोफाइल’, कॉलेजची ओळख सांगणारं एक-दोन पानी पत्रक. मोठ्या शहरांतल्या आंतरराष्ट्रीय शाळांकडे ते छापील आणि रंगीत असतं. आमच्याकडे काहीच नव्हतं. माझ्या मते अख्ख्या अर्जात सर्वांत मोलाचा कागद हाच. मुलाचे ८१ टक्के म्हणजे किती, हे दुसरा कुठलाही कागद सांगत नाही.

पत्रकात काय घातलं ते सविस्तर लिहितो, कारण तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजला ते जवळपास जसंच्या तसं वापरता येईल.

बोर्ड कोणतं, परीक्षा कधी, उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात, विज्ञान विषयांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. २०२५ चा राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. पण उत्तीर्ण होणं वेगळं आणि सायन्सला ८० च्या वर जाणं वेगळं, म्हणून आमच्या कॉलेजातल्या मागच्या तीन वर्षांची विभागणी दिली: किती जण ८५ च्या वर, किती ७५ ते ८५, किती ६० ते ७५. अकरावीची परीक्षा कॉलेज स्वतः घेतं आणि ती कडक तपासली जाते. दहावीची टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर काढतात, अकरावीत तशी सवलत नाही. नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसरीकडे, म्हणून गुणपत्रकं दोन संस्थांची. गुण टक्केवारीतच ठेवले. चार गुणांच्या अमेरिकन श्रेणीत स्वतःच्या मनाने बदलून पाठवू नयेत असं ती कॉलेजंच सांगतात.

मग परिसर. मुलं किती गावांतून येतात, किती जण एसटीने. किती जणांच्या घरात पदवीधर नाही. द्राक्ष-बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही एका ओळीत. कॉलेजात काय नाही ते स्पष्ट लिहिलं: पूर्णवेळ काउन्सेलर नाही, प्रगत अभ्यासक्रमाचे पर्याय नाहीत, वादविवाद मंडळ नाही. जे शिकायची सोयच नव्हती ते शिकली नाही म्हणून कुणी मुलीला दोष देऊ नये.

आकडे काढायला कार्यालयातल्या क्लार्कताईंनी तीन वर्षांची रजिस्टरं खाली उतरवली. प्राचार्यांनी वाचून सही केली आणि म्हणाले, “आपल्या कॉलेजबद्दल एवढं नीट पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलंय.”

२१ सप्टेंबर

अकरावीच्या ८१ टक्क्यांचं काय करायचं यावर मुलगी अडून बसली होती. ते झाकता येणार नाही का, असं तिचं म्हणणं. मी तिला आनंदीबाई जोशींचं पत्र वाचायला दिलं. जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेलं. वय १८. त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते, पण ते पत्र प्रवेश-अर्ज म्हणून कुणी वाचत नाही. त्या आधी स्वतःच सांगतात की प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही. मग आपली परिस्थिती मांडतात. मग आपल्या जातीच्या आणि ओळखीच्यांच्या विरोधाला न जुमानता इथवर आणणारा निश्चय, आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी काय करायचंय ते. उणीव, परिस्थिती आणि हेतू तिन्ही एकाच आवाजात येतात. प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये पदवीही.

मुलीने ‘अधिक माहिती’त ८१ विषयी चार वाक्यं लिहिली. अकरावीच्या वार्षिक परीक्षेच्या महिन्यात अवकाळीने माल भिजला, ती रात्री शेडवर होती, भौतिकशास्त्राचा पेपर वाईट गेला, बारावीच्या पहिल्या घटक चाचणीत त्याच विषयात ८८ आहेत. विशेषण एकही नाही. मी स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

५ ऑक्टोबर

मुख्य निबंध. पहिला खर्डा बेदाण्यावरच होता आणि वाचायला गोड होता: गरीब शेतकरी, लहरी पाऊस, जिद्दी मुलगी. मी तो बाजूला ठेवायला सांगितला. एक तर हे घर गरीब नाही. कष्टाचं आणि बेभरवशाचं आहे, पण गरीब नाही. दुसरं म्हणजे शेड उपक्रमांत आलंय, मॅडमच्या पत्रात आलंय, माझ्या पत्रातही थोडं येणार. निबंधाने तेच पुन्हा सांगितलं तर ६५० शब्द वाया. वाचणाऱ्याला अजून न दिसलेला तिचा एखादा भाग तिथे यायला हवा.

१२ ऑक्टोबर

दुसरा खर्डा संशयास्पद गुळगुळीत. प्रत्येक परिच्छेद तीन-तीन समान तुकड्यांचा आणि शेवटी सुविचार. विचारल्यावर तिने सांगितलं की चॅटबॉटकडून ‘पॉलिश’ करून घेतलं होतं. कॉमन ॲपने २०२३ पासून नियमातच लिहिलंय की निबंधाचा मूळ मजकूर यंत्राकडून लिहून घेणं ही फसवणूक धरली जाईल. नियम राहू दे बाजूला, त्या खर्ड्यात तिचा आवाजच उरला नव्हता. मी म्हणालो, आधी मराठीत बोल, मी ऐकतो. मग तूच इंग्रजीत लिही. इंग्रजी साधं असलं तरी चालेल.

ती हजेरीच्या वहीबद्दल बोलायला लागली. गेल्या वर्षी एके दिवशी दुपारी बाराला पाऊस आला आणि बेदाणा निवडणाऱ्या बायकांना घरी पाठवलं. वहीत दोनच खुणा: पूर्ण दिवस, अर्धा दिवस. बायका सकाळी सातला आलेल्या, पाच तास झालेले. अर्धा लिहायचा तर एक तास बुडतो. पप्पा म्हणाले, अर्धा लिही, सगळीकडे असंच असतं. तिने अर्धा लिहिला, पण शेजारी बारीक अक्षरात ‘५ तास’ असंही लिहिलं. हंगामभर तास लिहीत राहिली. हंगाम संपल्यावर बेरीज करून वडिलांपुढे ठेवली. वाद झाला. तिचं म्हणणं त्यांना पूर्ण पटलं नाही, पण या वर्षी वहीत तासांचा रकाना आला.

मी म्हणालो, हाच निबंध.

तिला भीती होती की यात पप्पा वाईट दिसतील. दिसत नाहीत. शेवटी रकाना त्यांनीच आखला, स्वतःच्या हाताने, पट्टी घेऊन. हे ती बोलण्याच्या ओघात सांगून गेली होती. मी म्हणालो, ते वाक्य हवंच.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची धामधूम आहे, तरी निबंध आला. ५९० शब्द. सुरुवात वहीच्या पानापासून, शेवट वादापाशी. त्यातून आपण काय शिकलो, हे ती सांगत नाही. मी दोन ठिकाणी व्याकरण दाखवलं, दुरुस्त तिने केलं. अमेरिकेत राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीने सुचवलं होतं की शेवटी ‘जगात न्याय आणायचा आहे’ असं काहीतरी टाक. नाही टाकलं.

सी-७ मधल्या ‘स्वभाव’ या ओळीचं उत्तर या निबंधात आलंय असं मला वाटतं.

१६ नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत आम्ही कुठेच अर्ज केला नाही. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं अशी बांधिलकी. आम्हाला मदतीचे आकडे शेजारी ठेवून बघायचे आहेत.

सध्या पैशाचे कागद. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची माहिती देणारं पत्रक, भरावं लागतं, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना माफी देतात, दोघांनी दिली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेचा तपशील आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या तीन वर्षांच्या पट्ट्या, सगळ्याला इंग्रजी भाषांतर जोडून. जमिनीची किंमत मालमत्तेत येते आणि कागदावर घर एकदम श्रीमंत दिसतं. म्हणून सोबत पत्र दिलं: ही जमीन विकायची नाही, घर तिच्यावरच चालतं, दर हंगामाला बदलतो, बघा या पट्ट्या, औषधं आणि मजुरीचा खर्च असा. वडिलांनी आकडे तोंडपाठ सांगितले, मुलीने टाइप केले.

१४ डिसेंबर

प्रत्येक कॉलेजचे छोटे निबंध. ‘आमचंच कॉलेज का’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पहिल्या खर्ड्यात तिने कॉलेजचीच स्तुती लिहिली होती: सुंदर परिसर, जगप्रसिद्ध प्राध्यापक. त्यांना ते ठाऊकच आहे. ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचं एक ट्यूटोरियल सोडलं तर कुठलाच विषय सक्तीचा नाही. म्हणजे त्यांना विचारायचं असतं की एवढी मोकळीक दिली तर तू काय करशील? तिने लिहिलं: रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र शेजारी ठेवीन, कारण शेडवर ओल आणि मजुरी हे दोन्ही हिशोब एकाच वहीत असतात.

बेरियासाठी कामाबद्दल लिहायला तिला अर्धा तास पुरला.

३ जानेवारी २०२६

सगळे अर्ज गेले. पाठवण्याआधी पीडीएफ काढून मी कॉलेजच्या दोन सहकाऱ्यांना दिली. या दोघांनी मुलीला शिकवलेलं नाही. एकाला फक्त गुणपत्रकं, कॉलेजचं पत्रक आणि परवानगी घेऊन शिक्षकांची पत्रं. दुसऱ्याला उपक्रम आणि निबंध. दहा-दहा मिनिटं. मग दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, ही मुलगी कशी आहे?

पहिले सर म्हणाले, बारीक मोजणारी, प्रश्न सोडून न देणारी. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, मोजून ठेवते आणि मग त्यावर बोलायला घाबरत नाही.

मुलगी खोलीबाहेर थांबली होती. तिला फक्त दुसरं उत्तर सांगितलं.

१ फेब्रुवारी

सराव परीक्षेचे गुण सहामाही अहवालात चढवले. भौतिकशास्त्र ८६. बोर्डाची परीक्षा या महिन्यात आहे आणि द्राक्षतोडणीही सुरू झालीय. वडिलांनी यंदा मीटर बघायचं काम धाकट्याकडे दिलंय. कॉलेजांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतील, निर्णय १ मेपर्यंत कळवायचा. प्रवेश मिळाला तर बारावीचं अंतिम गुणपत्रक मला पाठवावं लागेल. व्हिसाच्या मुलाखती गेल्या वर्षी मे-जूनमध्ये काही आठवडे थांबल्या होत्या, तेव्हा ती तारीख पहिल्याच दिवशी धरायची.

अकरावी कॉमर्सचा एक मुलगा काल विचारत आला. बाजार समितीत वडिलांच्या अडत दुकानात बसतो. त्याला आजच एक कोरी वही दिली: दुकानात काय करतोस ते रोज दोन ओळी लिही, जूनमध्ये बोलू. कॉलेजच्या पत्रकात कॉमर्सच्या निकालाची विभागणी घालायची राहिलीय, क्लार्कताईंना सांगितलंय. आणि शिक्षकांच्या सभेत एक विषय ठेवलाय: वर्गात एखाद्या मुलाने लक्षात राहील असा प्रश्न विचारला, तर तारखेसह तो त्याच दिवशी कुठेतरी लिहून ठेवायचा. दोन वर्षांनी पत्र लिहिताना मॅडमसारखी सगळ्यांचीच आठवण शाबूत असेल असं नाही.